तुम्ही विचारलंत म्हणून: किपलिंग शिकला कुठे?

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात डीनचा जुना हिरवा बंगला आहे. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं दाखवून झाली की मी पाहुण्यांना तिथे आणतो. 'जंगल बुक'वाल्या इंग्रज लेखकाचा, रुडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा दिसला की कुणीतरी विचारतंच, "जन्म मुंबईचा, मग हा शिकला कुठे?" उभ्याउभ्या उत्तर द्यायला मला कधी जमलेलं नाही, म्हणून लिहून टाकतो.

आधी एक खुलासा. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ला या जागेवर जन्मला, या बंगल्यात नव्हे. ते घर गेलं, हा बंगला नंतरचा. फोटो मात्र सगळे याचेच काढतात.

वडील लॉकवुड जेजेत शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटवरची ती शिल्पं त्यांच्याच आराखड्यांवरून झालेली. पोर वाढलं ते आया आणि गड्याच्या अंगाखांद्यावर. जेवणघरात पाठवताना त्याला बजावावं लागे, "आता आईबाबांशी इंग्रजीत बोल." साहेबलोक मुलं विलायतेला धाडत ती उन्हाच्या आणि तापाच्या भीतीने, हे खरंच. पण पोरगं इथलंच होऊन बसेल ही धास्तीही तेवढीच मोठी होती.

१८७१मध्ये, सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, त्याला धाकट्या बहिणीसकट इंग्लंडमधल्या साउथसीला परक्या घरी पैसे भरून ठेवलं. तिथले हाल हा वेगळाच विषय आहे. शाळा म्हणाल तर ती जानेवारी १८७८पासूनची: डेव्हन परगण्यात, ऐन समुद्रकाठी, फक्त मुलग्यांचं बोर्डिंग, युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज. गावाचं नाव 'वेस्टवर्ड हो!'. उद्गारचिन्ह माझं नाही, गावाचंच आहे. १८५५मध्ये त्या नावाची चार्ल्स किंग्सलीची कादंबरी गाजली, त्या भरात तिथे हवा खायला येणाऱ्यांसाठी वस्ती उभी केली आणि तिला कादंबरीचंच नाव दिलं.

पाहुण्यांसाठी बांधलेल्या अशा बारा घरांच्या रांगेत १८७४मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी ही शाळा काढली. मोठ्या नामांकित शाळांची फी त्यांना झेपत नव्हती, पण पोरं सैन्याच्या प्रवेशपरीक्षेत बसवायची तर होती. किपलिंगने पुढे लिहिलंय की शंभरातले पंचाहत्तर मुलगे इंग्लंडबाहेर जन्मलेले. बारा घरं एकाच लांब कॉरिडॉरने जोडलेली. मला तरी आपली चाळच आठवते.

खाण्याचे हाल विचारू नका. घरून आलेले खाऊचे पैसे उडाले की पोरं तळघरात जाऊन चहाच्या आधीच ट्रेमधला कोरडा पाव चोरून खायची. पहिलं दीड वर्ष तर त्याचं छळातच गेलं. जाड चष्म्यामुळे नाव पडलं 'गिगर', 'गिग' नावाच्या घोडागाडीच्या दिव्यांवरून. त्याच चष्म्याने लष्कराची वाटही बंद केली. किपलिंगची साम्राज्याबद्दलची मतं मला कधीच पचली नाहीत, पण पाव चोरणारा हा चष्मेवाला पोरगा मात्र आवडतो.

त्याचं नशीब म्हणजे मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस. ना फौजी, ना पाद्री. त्याच्या चित्रकार काकांचे, बर्न-जोन्सचे, ते जुने मित्र. त्यांनी हा मुलगा ओळखला आणि स्वतःची ग्रंथांची खोली त्याला मोकळी करून दिली. शाळेचं मासिकही त्याच्या हाती सोपवलं. सैनिक घडवायला काढलेल्या शाळेतून संपादक बाहेर पडला, तो असा.

पुढे ऑक्सफर्ड परवडणारं नव्हतं. वडील तोवर लाहोरला होते, तिथल्याच वर्तमानपत्रात नोकरी ठरली. (शाळेनेही १९०४मध्ये समुद्रकाठ सोडला आणि १९४२मध्ये ती हेलीबरी या दुसऱ्या शाळेत विलीन झाली. हेलीबरीची वास्तू मूळची ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजची, म्हणजे बघा!)

२० सप्टेंबर १८८२ला सोळा वर्षांचा किपलिंग बोटीत बसला आणि १८ ऑक्टोबरला मुंबईला उतरला. मधे अकरा वर्षं गेलेली. पण शहराचे वास नाकात शिरले, ओळखीचं काहीबाही दिसू लागलं, आणि त्याच्या तोंडून इथल्या बोलीतली वाक्यंच्या वाक्यं बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र त्याला स्वतःलाच कळत नव्हता.