रागाला औषध शोधताना: माझा अनुभव

राग हा आमच्या घरचा वारसा. आजोबा ताट भिरकावायचे, वडील आठवडाभर अबोला धरायचे, माझ्यात दोन्ही उतरलं. रेवदंड्याजवळच्या वाडीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी फोनवर असं काही बोललो की तो इस्राएलातल्या अश्दोदहून फोन करेनासा झाला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. निम्मं गणगोत तिकडे इस्राएलात, निम्मं इथे ठाण्यात.

बदलायचं ठरवून मन बदलत नाही, हे मला आधीच कळलं होतं. पुस्तकं वाचून झाली, दीर्घ श्वासही घेऊन झाले. शेवटी एलूल महिना लागला. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आधीचा हा महिना आमच्याकडे सलिहोतचा, म्हणजे पहाटे उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणायचा. ठाण्याचं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, शाआर हाशामायिम, १८७९ सालचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आडवारी पहाटे ते जमवताना प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांची तारांबळ उडते. त्यांनी मला सरळ सांगितलं, “तुम्ही आला नाहीत तर आम्ही नऊच.” खरं सांगतो, माझ्या भक्तीने मला अंथरुणातून कधी उठवलं नसतं, त्या नऊ जणांनी उठवलं.

तेशुवा, म्हणजे परत फिरणं, याचे नियम बाराव्या शतकात रामबाम या आमच्या धर्मपंडिताने लिहून ठेवलेत: ते कृत्य सोडायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, पस्तावायचं आणि तोंडाने कबूल करायचं. मला अवघड गेलं ते शेवटचं. मनातल्या मनात आपण सगळे साधूच असतो! प्रार्थनेतली कबुली मात्र अनेकवचनी असते. छातीवर मूठ मारत सगळे मिळून ‘आम्ही अपराध केला’ म्हणतात, त्यामुळे शेजारच्याकडे बघायची लाज वाटत नाही. पण माणसाचा अपराध देवाकडे माफ होत नाही, मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट आहे. आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. एकदा नाही ऐकलं तर पुन्हा जा, तिसऱ्यांदाही जा, असं रामबाम म्हणतो.

म्हणून फोन केला. भावाने आधी उचललाच नाही. नंतर उचलला तेव्हा मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, “मी जे बोललो ते बोलायला नको होतं.” तो गप्प. मग म्हणाला, “दादा, वाडीचं काय?” मी म्हटलं, वाडीचं नंतर.

त्या योम किप्पूरला पंचवीस तासांचा उपास सोपा गेला, असं म्हणणार नाही. दुपारनंतर डोकं ठणकत होतं. नइला ही शेवटची प्रार्थना संपून शोफार (शिंग) वाजला तेव्हा मला चहाच हवा होता.

रामबामची कसोटी मात्र वेगळी आहे: तोच प्रसंग पुन्हा यावा, आणि करता येत असूनही करू नये. भाऊ नवसाची मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करायला आला. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यासाठी पोहे भिजवले होते, मी नारळ खवत होतो, आणि त्याने नेमका तेव्हाच वाडीचा विषय काढला. कान तापले. मी खवणी थांबवली नाही. करवंटीतलं पांढरं खोबरं पार संपून तपकिरी कीस पडायला लागला तरी खवतच राहिलो. बायको ओरडली, “अहो, मलिदा काळी होईल!” तो हसला, मीही.

वाटणी अजून झालेली नाही. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत, आणि पुढच्या वेळी तो येईल तेव्हा तलाठ्याकडे जायचं ठरलंय.