४० सेकंदांच्या मेमरीत एक बीट: पीओ-३३चा माझा अनुभव

पीओ-३३ हा २०१८ सालचा खिशात मावणारा सॅम्पलर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून हवे तसे वाजवायचं यंत्र. उघडा सर्किट बोर्ड, दोन ट्रिपल-ए सेल, अंगचाच माइक आणि स्पीकर. कॉम्प्युटरला हात न लावता यावर एक अख्खी बीट करायची, असं ठरवून बसले.

रेकॉर्डिंग अगदी सोपं. रेकॉर्डचं बटण आणि सोळापैकी एक बटण दाबून धरायचं, सोडलं की आवाज त्या जागी बसतो. पहिल्या आठ जागा सुरांच्या; तिथे मी स्वतःचं गुणगुणणं भरलं. उरलेल्या आठ तालाच्या, आणि खरी गंमत तिथेच आहे. दाराची कडी, किल्ल्यांचा जुडगा, टेबलावरची टिचकी हे सगळं मी एका दमात रेकॉर्ड केलं, तर सॅम्पलरने आपणहून त्याचे तुकडे पाडले. कडीच्या ठोक्याआधी जराशी शांतता राहिली होती, म्हणून ती तालात मागे पडत होती. ट्रिमवर, म्हणजे आवाज कापून लहान करायच्या सोयीवर जाऊन नॉब किंचित फिरवला आणि कडी बरोबर मात्रेवर आली. स्क्रीनवर आवाजाचा आलेख दिसत नाही, सगळं कानाने करायचं. मला ते आवडलं.

एकूण मेमरी ४० सेकंदांची. अनेकांना हा मोठा तोटा वाटतो, मला नाही. १९८८च्या एमपीसी६० या सॅम्पलरमध्ये मुळात जेमतेम १३ सेकंद मावत. शिवाय बाहेरून लाइन-इनने, म्हणजे वायर जोडून घेतलेला आवाज दुप्पट वेगाने भरून नंतर पिच (सुराची पट्टी) खाली आणला की निम्मी जागा वाचते. फक्त आवाज आणखी खरखरीत होतो. तालवाद्याला चालतं, गळ्याला नाही.

खरी अडचण वेगळीच. एका वेळी चारच आवाज वाजतात, त्यामुळे ठोके दाटले की गुणगुणण्याची शेपटी मध्येच तुटायची. शेवटी मी ठोकेच कमी केले. अनडू नाही, म्हणून काही बदलण्याआधी पॅटर्नची, म्हणजे रचलेल्या ठोक्या-सुरांच्या तुकड्याची प्रत काढून ठेवायची सवय लावली. आणि केलेलं काम फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही. बॅकअपसुद्धा आवाजाच्याच रूपात वाजवून दुसरीकडे रेकॉर्ड करावा लागतो. ही उणीव मला सर्वांत जास्त खुपते.

कॉम्प्युटरवर नेतानाही सगळे आवाज एकत्रच येतात. मी प्रत्येक आवाजासाठी पॅटर्नची वेगळी प्रत काढली, त्यातून बाकीचे पुसले आणि एकेक करून रेकॉर्ड केलं. वेळखाऊ काम, पण त्यामुळेच मिक्स करताना कडीचा आवाज हवा तेवढा कमी करता आला.