गुहागर ते जयगड, तिथी मोजत

गेल्या मार्गशीर्षात मी, यजमान, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई असे आम्ही चौघे गुहागरहून दक्षिणेकडे किनाऱ्याने चालत निघालो. सासूबाईंच्या दोन अटी होत्या: रोज चार-पाच तासांपेक्षा जास्त चालायचे नाही आणि ओझे उचलायचे नाही. त्यामुळे बॅगा रिक्षाने पुढच्या मुक्कामी जात आणि आमच्या हाती पाणी व डबा एवढेच राही.

तारखा मात्र सुट्टीवरून नव्हे, भरतीवरून ठरवाव्या लागल्या. असगोली, पालशेत, बुधल, वेळणेश्वर, हेदवी या गावांच्या मध्ये डोंगराच्या सोंडा समुद्रात उतरतात. पुळण म्हणजे वाळूचा किनारा असेल तिथे पुळणीवरून चालायचे आणि ती संपली की पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) चढून पलीकडच्या गावात उतरायचे. सासूबाईंचे माहेर कोकणातले. त्यांनी लहानपणीचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती आणि तिच्या सहा तास मागेपुढे सुकती, म्हणजे ओहोटी. चतुर्थीला म्हणजे तीनला भरती, नऊला सुकती. छापील वेळांशी ताडून पाहिल्यावर थोडाफार फरक निघाला, पण बेत आखायला तेवढे पुरेसे होते. सकाळची पुळण मोकळी मिळावी म्हणून आम्ही वद्य तृतीया ते षष्ठी हे दिवस धरले.

पहिला दिवस सोपा गेला. गुहागरची सुमारे ६ किलोमीटरची पुळण, सुकतीची ओली, घट्ट वाळू आणि असगोलीपुढे एकच चढ. रात्री पालशेतला जेवताना सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या संकष्टी आहे. भरती मोजताना तुला चतुर्थी कशी दिसली नाही?" सगळ्यांत अवघड टप्पा नेमका त्यांच्या उपासाच्या दिवशी आला होता, आणि हेदवीच्या दशभुज गणपतीला आम्ही पोहोचणार होतो पंचमीला!

त्या दिवशी मोबाइलच्या नकाशावर विसंबलो, हीही चूकच. बुधलकडे जाणारी म्हणून दाखवलेली वाट काजूच्या बागेतल्या गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, संपली. अर्धा तास वाया घालवून मागे फिरलो, तेव्हा गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका बाईंनी भारा न उतरवताच हनुवटीने दिशा दाखवली, "त्या फणसाखालून पाखाडी आहे, ती धरा." पाखाडीचे जांभ्याचे चिरे मधोमध इतके झिजले होते की प्रत्येकात वाटीएवढा खळगा पडला होता, आणि खळग्यांत सुकी पाने साचली होती. पायऱ्या उंच होत्या. सासूबाई दर दहा पायऱ्यांना गडग्याला टेकत, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा तोंडात टाकत आणि पुन्हा चढत. सड्यावर पिवळे गवत गुडघाभर वाढले होते. मुलीच्या मोज्यांत इतकी कुसळे शिरली की शेवटी मोजे टाकूनच द्यावे लागले. बुधलमध्ये एका घरी विचारल्यावर शहाळी मिळाली. पुढचा डांबरी रस्त्याचा कंटाळवाणा भाग आम्ही सरळ रिक्षाने काटला. पायी यात्रेत रिक्षा म्हणजे लबाडी, असे यजमानांचे मत पडले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

वेळणेश्वरला घरमालकीणबाईंना आदल्या रात्रीच फोनवर सांगून ठेवले होते. चंद्रोदय नऊनंतर झाला, तोपर्यंत मोदक उकडून तयार होते.

पंचमीला सकाळी सुकतीत वेळणेश्वरची पुळण ओलांडून हेदवी गाठली आणि गणपतीचे दर्शन घेऊन दुपारच्या भरतीला बामणघळीवर गेलो. खडकाच्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि पाणी उसळून वर येते. डिसेंबरचा शांत समुद्र असल्याने पाणी फार उंच गेले नाही, पण घळीतला आवाज मात्र पोटात जाणवत होता.

षष्ठीला तवसाळपर्यंत बराचसा प्रवास रिक्षानेच केला. या वेळी यजमान काही बोलले नाहीत. फेरीबोटीत गाड्याही चढतात, त्यामुळे आमची बॅगांची रिक्षा आमच्यासोबतच खाडी ओलांडून जयगडला उतरली. "सहाची पाऊणपट साडेचार," मुलगी कठड्याशी उभी राहून आजीला सांगत होती, "म्हणजे आत्ता सुकती." धक्क्याच्या खांबांवर ओल्या शेवाळाचा पट्टा पाण्याच्या बराच वर दिसत होता.