खापरपणजोबांचं घर

१८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळानंतर काही वर्षांनी माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा आयर्लंडच्या मेयो परगण्यातून अमेरिकेला गेले. घरात एवढंच ठाऊक होतं. वाडीचं नाव सासूबाईंच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात सापडलं, तेही कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

१८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं १९२२ साली डब्लिनच्या दप्तरखान्यात जळाली. त्यामुळे सगळा आधार ग्रिफिथच्या मूल्यांकनाचा, म्हणजे कर ठरवण्यासाठी आयर्लंडभर झालेल्या घर-जमिनींच्या पाहणीचा. १८४७ ते १८६४ च्या त्या नोंदींत कूळ कोण, जमीनदार कोण, घर-जमिनीचं मोल किती, सगळं आहे. सातबारा बघत वाढलेल्या मला ते कागद लगेच ओळखीचे वाटले! प्रत्येक नोंदीचा क्रमांक नकाशावरही असतो. तो धरून आम्ही निघालो.

घर म्हणजे दगडाच्या दोन भिंती. छप्पर नाही, आत खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपं. चूल मात्र शाबूत. शेजारच्या आजोबांनी आडनाव ऐकलं आणि म्हणाले, "या शेताला आम्ही अजून त्याच नावानं ओळखतो."

नवरा काही बोलला नाही. चुलीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.