सॅक्रामेंटोचा जुना वाद

आज दुपारी जेवताना सॅक्रामेंटोतल्या माझ्या सहकाऱ्यांमध्ये इथल्या किंग्ज या बास्केटबॉल संघाने २००२ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धची सात सामन्यांची मालिका पंचांमुळे गमावली की स्वतःच्या चुकांमुळे, यावरून पुन्हा वाद पेटला, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यातली कळकळ तसूभरही कमी झालेली नाही, हे मला जाणवले. पंचांना दोष देणाऱ्यांची बाजू मुळीच लंगडी नाही. किंग्ज मालिकेत ३-२ असे पुढे असताना, सहाव्या सामन्याच्या एकट्या चौथ्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे विनाअडथळा नेम) मिळाले. अखेरच्या काही सेकंदांत लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे कोपर किंग्जच्या माईक बिबीच्या नाकावर बसले, तरीही फाउलची शिट्टी वाजली नाही. किंग्जनी तो सामना १०२-१०६ असा गमावला. तो अन्यायच होता, असे मी आजही ठामपणे म्हणेन.

मात्र मालिका त्या रात्री संपली नव्हती, आणि माझ्या मते ती गमावण्याची जबाबदारी संघाचीच आहे. सातवा सामना किंग्जच्या घरच्या मैदानावर झाला, जादा वेळेपर्यंत लांबला, आणि त्यात त्यांनी ३० पैकी १४ फ्री थ्रो वाया घालवले. (तीन गुणांचे तर २० पैकी दोनच नेम साधले.) फ्री थ्रोच्या रेषेवर खेळाडूला कोणी अडवत नाही, आणि चेंडू कड्यातून जाईल की नाही हे पंच ठरवत नाहीत.