सहा महिने पूर्ण व्हायच्या आत

न्यूयॉर्कचे चार दिवस भुर्रकन गेले, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. मनात घर करून राहिली ती फिलाडेल्फियातली एक दुपार.

लिबर्टी बेलसाठी तासभर रांगेत उभ्या होतो. देशभर स्वातंत्र्याची द्वाही फिरवा, असं बायबलमधलं वचन त्या तडा गेलेल्या घंटेवर कोरलंय. गर्दी इतकी, की फोटो काढून लगेच पुढे सरकावं लागलं. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "अगं, त्या विटांच्या भिंतींपाशी जाऊन येऊ." घंटेला अगदी खेटून ही जागा, पण तिथे जेमतेम पाच-सहा माणसं! मला फार वाईट वाटलं.

इथे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहायचे. घर १८३२ मध्येच पाडलं; जुना पाया आता काचेखाली दिसतो. त्यांनी इथे राबवलेल्या नऊ गुलामांची नावं भिंतीवर कोरली आहेत. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे, त्या पेनसिल्व्हेनियात कायदा होता: बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला, की त्याला मुक्त होता येई. म्हणून मुदत भरायच्या आत वॉशिंग्टन त्यांना राज्याबाहेर पाठवत आणि परत आणत. हे वाचून मी हादरलेच. ज्याने देश स्वतंत्र केला, तो माणूस घरी दिवस मोजत होता! त्याच्या लेखी स्वातंत्र्यात स्वतःची मालमत्ता राखणंही आलं, आणि ही माणसं त्या मालमत्तेत धरलेली.

त्या नावांत ओना जज आहे. वॉशिंग्टनच्या पत्नी मार्थाबाईंची दासी, विशीतली. नातीला लग्नाचं आंदण म्हणून आपल्याला देणार, हे तिला कळलं. मे १७९६ मध्ये घरात व्हर्जिनियाला, वॉशिंग्टनच्या मूळ घरी, जायची बांधाबांध चालली होती. तिने आपलं सामान आधीच शहरातल्या कृष्णवर्णीय ओळखीच्यांकडे पोचवलं, आणि मंडळी जेवायला बसलेली असताना ती निघून गेली. वर्तमानपत्रात जाहिरात आली, दहा डॉलर बक्षीस. पळायचं काही कारणच नव्हतं, असंही तीत लिहिलं होतं.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, एवढं मला शाळेपासून ठाऊक. ओनाचं नाव मात्र मी पहिल्यांदाच वाचत होते.

ती न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी माणसं पाठवली, पण ती परतली नाही. नवरा गेला, मुलंही तिच्याआधी गेली. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याने ती दुसऱ्याच्या मालकीचीच होती. म्हातारपणी तिला विचारलं होतं, इतके हाल झाले, पळाल्याचं वाईट वाटतं का? ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे.

वहिनी काचेपाशी वाकून बराच वेळ तो पाया बघत होती. आमची गाडी चुकली.