कानाडोळा

लहानपणी आंघोळ करून आलो की आई पंचाचं टोक ओलं करून माझ्या कानामागून फिरवायची आणि निघालेला मळ नाकासमोर धरायची. "कान काय शेजाऱ्यांनी धुवायचे?" हे पार विसरलो होतो. परवा रात्री मासाकी कोबायाशीचा 'क्वायदान' बघताना एकदम आठवलं.

१९६४चा जपानी सिनेमा. तीन तास, भुताखेतांच्या चार सुट्या गोष्टी. त्यातल्या बर्फातल्या बाईच्या गोष्टीत आभाळावर चक्क डोळे रंगवलेत. पण मी अडकलो होइचीपाशी. आंधळा होइची बिवा हे तंतुवाद्य वाजवत दान-नो-उराच्या ११८५मधल्या लढाईचं कवन गातो. ते इतकं आर्त, की त्या समुद्रात बुडून मेलेली हेइके घराण्याची मंडळीच ते ऐकायला त्याला रात्री बोलावणं धाडतात. त्याला वाचवायला देवळातला भिक्षू त्याच्या अंगभर हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र लिहून काढतो. काळ्या शाईचा ओला कुंचला कपाळावर, गालांवर, छातीवर, पाठीवर, थेट तळपायांपर्यंत. आणि एवढ्या ज्ञानी माणसाचा कानांकडे कानाडोळा!

रात्री भूत येतं. होइची दिसत नाही; अंधारात नुसते दोन कान. मग तेच उपटून नेतं, धन्याला पुरावा दाखवायला. खरं सांगायचं तर मला भुताचीही थोडी दया आली. हुकुमाचा ताबेदार, रिकाम्या हातानं परत कसा जाणार?

ह्या गोष्टी लिहिणारा लाफ्काडिओ हर्न ग्रीसमध्ये जन्मला, १८९०मध्ये जपानला पोचला आणि तिथलाच झाला. एक डोळा पोरवयातच गेलेला. बायको सेत्सु दिव्याची वात बारीक करून त्याला गोष्टी सांगायची. पुस्तकात बघून वाचलेलं मात्र त्याला चालत नसे. तुझ्या तोंडानं सांग, म्हणायचा.

सिनेमाचा संगीतकार तोरु ताकेमित्सु तर आपल्या कानांशी खेळतोच. पहिल्या गोष्टीत कुजक्या घरातली फळी पायाखाली मोडते, आणि लाकूड तडकल्याचा आवाज भलत्याच वेळी येतो. मी आवाज बंद करून बघितलं. भीती निम्म्यावर आली. पुन्हा सुरू केला, कारण पैसे भरले होते.

झोपताना चादर डोक्यावरून घेतली. उकडत होतं. तरी कान आत आहेत ना, हे दोनदा चाचपून बघितलं.